उजव्या पायातली चप्पल

गाडी चालवायला बसले की मी अजूनही उजव्या पायातली चप्पल काढून बाजूच्या सीटखाली सरकवते. डाव्या पायातली तशीच असते. माझी नात रेवा जयपुरातच वाढली, त्यामुळे तिच्या मराठीत अर्धी फोडणी हिंदीची असते. ती म्हणते, "आजी, मतलब, असं कोण चालवतं? एका पायानं देवळात आणि एका पायानं बाजारात?"

मी हसून वेळ मारून नेते. ही सवय मला गिर्राजजी मिस्त्रींनी लावली, आणि गिर्राजजींबद्दल अठरा-एकोणीस वर्षांत मी कोणाशीही पूर्ण खरं बोललेले नाही. आमच्या ह्यांच्याशीसुद्धा नाही. हे गेले, त्यामुळे तीही संधी गेली. आता बहात्तराव्या वर्षी लाज थोडी सैल झाली आहे, तेवढ्यात लिहून टाकते.

हे बँकेत अधिकारी होते. देशभर फिरून शेवटची बदली जयपूरला झाली आणि आम्ही मालवीय नगरात बँकेच्या कॉलनीत राहायला आलो. कॉलनीच्या मागच्या फाटकाला लागून एक शिरीषाचं झाड होतं आणि झाडाखाली पत्र्याची शेड. तेच गिर्राजजींचं गॅरेज. पाटी नव्हती. झाड पुरत होतं.

माणूस उंच, काटकुळा, मिशी पेन्सिलीनं आखल्यासारखी. गॅरेजमध्येही शर्ट इस्त्रीचा आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेली. खांद्यावर बायकोच्या जुन्या लहरिया ओढणीचा तुकडा, गुलाबी-पिवळ्या लाटांचा. हात पुसायला साधं फडकं वेगळं. लहरिया फक्त काम संपल्यावर गाडीच्या दारावरून फिरवायचा. गिऱ्हाइकाच्या सीटवर वर्तमानपत्र पसरल्याशिवाय कधी बसले नाहीत. उजव्या डोळ्यात सायीसारखं काहीतरी धरत चाललं होतं, ते विचारलं की म्हणायचे, "आँख का क्या है, काम तो उँगली करती है."

आणि "हो गया" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. काम झालं की ते बाजूला उभे राहायचे आणि म्हणायचे, "आप बताइए."

ब्रेकमधली हवा काढायची म्हणजे दोन माणसं लागतात. ब्रेकच्या तेलात हवेचा बुडबुडा राहिला की पेडल स्पंजासारखं मऊ लागतं, गाडी वेळेवर थांबत नाही. मग एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकाशी बसून तेलाची बारीक तोटी उघडायची, म्हणजे तेलाबरोबर हवा बाहेर पडते. (या तोटीला मिस्त्रीलोक जे म्हणतात ते माझ्या वयाच्या बाईनं छापायला देऊ नये. आपण तोटीच म्हणू.) बाकीचे मिस्त्री पेडलवर कोणालाही बसवतात. गिर्राजजींचा नियम वेगळा होता: ज्याची गाडी, त्याचाच पाय. तोही अनवाणी.

"चप्पल में से क्या पता चलेगा, भाभीजी? ब्रेक तलवे से बात करता है."

सबनीस म्हणून आमचे शेजारी होते, ह्यांच्याच बँकेत पण एक पायरी वर, आणि ती पायरी घरीही घेऊन येणारे. त्यांनी एकदा पेडल दाबायला शिपायाला पाठवलं. गिर्राजजींनी शिपायाला पाणी दिलं, स्टूल दिलं आणि स्वतः वर्तमानपत्र वाचत बसले. तासाभरानं सबनीस टाय लावलेले तसेच तरातरा आले. बूट-मोजे काढायला लावल्यावर तर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"दबाइए... पकड़े रखिए... छोड़िए. क्या लगा, साहब?"

"लगना क्या है? ब्रेक है!"

"तो फिर से. दबाइए..."

असं पंधरा-वीस वेळा. शेवटी सबनीस कुरकुरत का होईना म्हणाले, "पहले नरम था, अब सख्त है." मगच गिर्राजजींनी लहरिया खांद्यावरून उतरवला.

पायांवरून माणसं ओळखण्याची त्यांना हौस होती. ह्यांच्याबद्दल म्हणायचे, "साहब का पैर सरकारी फाइल है, धीरे-धीरे आगे बढ़ता है, पर पहुँचता है." सबनीसांबद्दल, "वो ब्रेक दबाते नहीं, डाँटते हैं." मी हसून हसून बेजार व्हायचे. मग एकदा विचारलं, "आणि माझा?"

त्यांनी फडक्याला हात पुसले. "भाभीजी का पैर जल्दबाज है. आधा दबाके मान लेता है कि दब गया."

मला राग आला. त्रेपन्न वर्षांची होते मी तेव्हा, म्हणजे अगदीच अजाण. कॉलनीत स्वतः गाडी चालवणाऱ्या बायका दोनच, त्यातली एक मी, आणि तो तोरा मी हळदीकुंकवाच्या तबकासारखा सगळीकडे पुढे करत फिरायचे.

ब्रेकच्या तेलाची त्यांची एक शिस्त होती. प्रत्येक वेळी नवी बाटली, सील गिऱ्हाइकासमोर तोडायचं. उरलेलं तेल पुन्हा कोणाच्याही गाडीत नाही, ते गंजलेले नट सोडवायला. मी एकदा त्यांना गृहिणीपणा शिकवायला गेले, की अहो, मी चकलीचं तेल तीनदा वापरते.

"खुला तेल हवा से पानी पी लेता है," ते म्हणाले. "उतार पर ब्रेक गरम हुआ, तो वो पानी भाप. भाप बनी, तो ब्रेक गया." मग दिवाळीत मीच दिलेली चकली डब्यातून काढून कुडुमकन खाल्ली आणि म्हणाले, "चकली खाई में नहीं गिरती, भाभीजी."

आता त्या रविवाराकडे यायला हवं. मी मुद्दाम चकलीपाशी रेंगाळले, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

ह्यांनी निवृत्तीच्या आधी हौसेनं एक जुनी पण भारी गाडी घेतली होती. तिला मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक. त्या वेळी आमच्यासारख्यांच्या गाड्यांना मागे साधे ड्रम असायचे, त्यामुळे गिर्राजजींनीही मागची डिस्क तोवर फारशी उघडलेली नव्हती. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोन महिने नाशिकला गेलो. ही रेवा तेव्हाच झाली. पुढे मुलगी-जावई जयपूरलाच आले आणि निवृत्तीनंतर आम्हीही इथेच राहिलो. परत आलो तर मागची दोन्ही चाकं जाम. चाकाच्या तबकडीला चिमट्यासारखा धरणारा जो लोखंडी जबडा असतो, कॅलिपर, तो दोन्हीकडे गंजून धरून बसला होता.

नवे मिळायला महिना लागणार होता. गिर्राजजी म्हणाले, बस्सीला माझा दोस्त आहे, तो जुने कॅलिपर आतून साफ करून, नवे रबर घालून रिकंडिशन करतो, नव्यासारखे. त्यांनी ते सोडवून पाठवले. दहा दिवसांनी हे आग्रा रोडवरच्या एका शाखेत तपासणीला गेले होते, येताना बस्सीला थांबून खोका घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. शनिवार होता. दुसऱ्या दिवशी गिर्राजजी घरी येऊन बसवणार होते आणि त्याच दुपारी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

रविवारी सकाळी बघते तर खोक्यातून तेल झिरपून टेबलक्लॉथला डाग. मी खोका उघडला. दोन कॅलिपर, दिसायला जुळी भावंडं. एकाला लाल धागा बांधलेला, दुसऱ्याला पिवळा. इकडे पूजेत मनगटावर बांधतात ना, तसा मौलीचा. दोन्ही धागे तेलानं काळे. मला वाटलं, शुभ म्हणून बांधले असतील. इथले लोक नव्या गाडीला, नव्या तराजूला, सगळ्यालाच बांधतात. मी ते घाणेरडे धागे सोडून फेकले, कॅलिपर जुन्या लुगड्यानं लखलखीत पुसले आणि माझ्या पूजेच्या डब्यातले नवे धागे काढून बांधले. एकाला लाल, एकाला पिवळा. छान फुलाची गाठ मारून. मराठी बाईच्या घरून वस्तू जाते तर नीटनेटकी जायला नको? खोका पुन्हा बंद केला आणि स्वतःवर खूष झाले.

अकरा वाजता गिर्राजजी आले. खोका हातात घेतला आणि विचारलं, "किसी ने खोला तो नहीं, भाभीजी?"

आणि मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले? पुष्कळदा विचार केलाय. त्यात काही डाव नव्हता. फक्त, सीटवर वर्तमानपत्र अंथरणाऱ्या माणसानं मला आगाऊ म्हणू नये, एवढंच. पाव सेकंदाचं काम होतं ते.

त्यांनी चांगला डोळा खोक्याजवळ नेऊन धागे पाहिले, बोटांनी चाचपले, सोडवून शर्टाच्या खिशात टाकले आणि लाल धाग्याचा डावीकडे, पिवळ्याचा उजवीकडे बसवला. लाल डावा, पिवळा उजवा. तीस वर्षांची त्यांची आणि बस्सीच्या दोस्ताची खूण होती ती. मला कोण सांगणार? आणि मी विचारलं कुठे होतं?

मग मी अनवाणी पायानं आत बसले. दबाइए. पकड़े रखिए. छोड़िए. बाटली संपली. तोटीतून येणारं तेल स्वच्छ, एक बुडबुडा नाही, आणि पेडल मात्र लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातंय. गिर्राजजींनी पुढच्या चाकांची हवा काढली. तेच. बॉनेटखालचा मुख्य पंप गेला असेल म्हणून मागच्या दोन्ही रबरी नळ्या चिमट्यानं दाबून धरल्या आणि म्हणाले, "अब दबाइए." पेडल दगडासारखं कडक! म्हणजे पंप ठीक, पुढची चाकं ठीक. हवा मागेच कुठेतरी होती. चिमटे काढले, पेडल पुन्हा मऊ. दुसरी बाटली. तिसरी. ते मागच्या चाकांभोवती फिरत होते, बोटांनी नळीचा प्रत्येक सांधा चाचपत होते. एकदा अर्धवट स्वतःशीच म्हणाले, "धागा तो ठीक था..."

मी ऐकलं ते. आणि तेव्हा काहीतरी टोचलंही. पण साडेतीन वाजले होते, फाटकातून बायका यायला लागल्या होत्या, पैठण्या, गजरे, आणि त्या सगळ्यांच्या देखत मी जुन्या साडीत, एक पाय उघडा टाकून, घामाघूम गाडीत बसलेले. सबनीस बाल्कनीतून म्हणाले, "काय वहिनी, व्यायाम का?" बायका हसल्या.

मी दार उघडून उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गिर्राजजी, पुराना माल चमकाके लगा दिया है आपने. हम बाहर के लोग हैं, इसलिए? बस हो गया. गाड़ी छोड़ दीजिए."

चमकाके! माल चमकवला होता तो मीच, लुगड्यानं.

ते उठले. गुडघ्याची माती झाडली. बायकांकडे पाहिलं नाही, सबनीसांकडेही नाही. "पैर तो आपका ही था, भाभीजी," एवढंच म्हणाले आणि हत्यारं गोळा केली. खांद्यावरचा लहरिया त्या दिवशी खाली उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी क्रेननं गाडी सी-स्कीममधल्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या इंजिनियरनं मागची चाकं उतरवली आणि पाचच मिनिटांत मला बोलावलं. "मॅडम, लेफ्ट का राइट में, राइट का लेफ्ट में. हवा ऊपर जाती है और हवा निकालने का रास्ता इधर नीचे आ गया है. तेल निकलेगा, हवा वहीं बैठी रहेगी. दिन भर दबाओ!" अदलाबदल केली, पुन्हा हवा काढली, पेडल कडक. "किसने फिट किया था?"

"एक मिस्त्रीने," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर ब्रेक इतका सुंदर लागत होता की प्रत्येक सिग्नलला मला रडू येत होतं. माझी फुलाची गाठ डोळ्यासमोरून हलेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिर्राजजी दारात. शर्ट इस्त्रीचा. मूठ बंद.

"गाड़ी ठीक हो गई, भाभीजी?"

"हो गई."

"क्या निकला?"

बघा, किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. दारात आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "दाहिना-बायाँ उलटा लगा दिया था आपने."

आपने.

त्यांनी आपल्या बंद मुठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाँ. हाथ तो मेरे ही थे." मूठ उघडून त्यांनी ते दोन धागे फाटकाच्या खांबावर ठेवले, एकाशेजारी एक. "ये आपके हैं. हमारे यहाँ धागा इतना साफ नहीं होता." आणि गेले. धाग्यांना अजून कापराचा वास होता.

संध्याकाळी सबनीसांनी जिन्यात विचारलं, "काय निघालं मग?" मी सांगितलं, उजवं-डावं उलटं बसवलं होतं. यात एक अक्षर खोटं नव्हतं. सबनीस म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, आंधळा झालाय तो. उद्या कोणाचा जीव घेईल." आठवडाभरात ते वाक्य सगळ्या कॉलनीत फिरलं. मिस्त्रीला दिसत नाही, ब्रेकचं काम देऊ नका. मिस्त्रीला एकदा असं नाव पडलं की संपलं. मी रोज संध्याकाळी मागच्या फाटकापर्यंत जायचे आणि शेडमध्ये ते एकटे बसलेले दिसले की दूध आणायला निघाल्यासारखी वळायचे. दूध घरी येत होतं. होळीच्या आत शेड बंद झाली. पत्रे गेले, झाड राहिलं. धागे मी पूजेच्या डब्यात ठेवले, तळाशी. तिथून ते काढायची हिंमत झाली नाही आणि तिथे ठेवायचीही लाज वाटते.

गेल्या थंडीत रेवानं गाडी शिकायला घेतली. पहिल्याच दिवशी माझं बघून तिनंही उजव्या पायातली चप्पल काढली. मी विचारलं, का गं? म्हणाली, "तू काढतेस म्हणून. काहीतरी कारण असेल ना?"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बस्सीला गेले. दोस्ताच्या नावानं विचारत विचारत गेले. आग्रा रोडपासून थोडं आत एक लहानसं दुकान. दोस्त आता नाही, पण गिर्राजजी होते. वाकलेले, मिशी पांढरी, जाड चष्मा, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. शर्ट मात्र गळ्यापर्यंत बंद. एका स्कूटरच्या ब्रेकची तार ओढून बघत होते. मला पाहून म्हणाले, "भाभीजी. साहब कैसे हैं?"

मी सांगितलं, गेले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

मालवीय नगरपासून मी हिंदीत पाठ करत आले होते. सगळं सांगितलं. खोका, डाग, लुगडं, धागे, "किसी ने खोला तो नहीं". मध्ये कुठेही स्वतःला सवलत दिली नाही, निदान तसा प्रयत्न केला. स्कूटरवाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. गिर्राजजी लहरियानं चष्मा पुसत होते.

"मुझे क्यों बता रही हैं?" ते शांतपणे म्हणाले. "मुझे तो उसी शाम पता था. आपके धागे में फूल था. मेरा यार तो मरोड़के गाँठ मारता था." मग चष्मा चढवून म्हणाले, "जिनको नहीं पता, उनको बताइए."

मी म्हणाले, ते सगळे बदलून गेले. कोणी नागपूर, कोणी भोपाळ, सबनीस पुण्याला.

"तो लिखिए. पढ़ना तो सबको आता है."

म्हणून हे लिहिलं. सबनीसभाऊजी, तुम्ही वाचत असाल तर चष्मा लावून वाचा: त्या माणसाला दिसत होतं. उलटं मी बांधलं होतं.

निघताना त्यांनी माझ्या गाडीकडे पाहिलं. "ब्रेक देखूँ?"

मी आत बसले. उजव्या पायातली चप्पल काढली.

"दबाइए."

दाबलं.

"पकड़े रखिए. नीचे बैठे तो बताइए." पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली सरकलं, तर कुठेतरी गळती असते. हे मला ठाऊक होतं. मी धरून बसले. गिर्राजजी परत स्कूटरकडे गेले. तार बसवली, स्कूटरवाल्याला चक्कर मारायला लावली, तो परत आला, त्याला म्हणाले, "आप बताइए." मग चहा घेतला, उभ्यानंच. ग्लास विसळून उपडा ठेवला. माझी पोटरी भरून आली होती. पेडल तसूभरही हललं नव्हतं आणि मीही.

शेवटी ते खिडकीशी आले. वाकून, चष्म्यातून, आत माझ्या पावलाकडे पाहिलं. बराच वेळ.

"आज पूरा दबा है," ते म्हणाले.

आणि वळून दुकानाकडे चालू लागले. आरशात त्यांची पाठ दिसत होती आणि खांद्यावर लहरियाची फिकी लाट. "छोड़िए" म्हणतील म्हणून मी पाय तसाच धरून ठेवला.